धाकल्याच्या तानीची जन्मतारीख

कामतघर, भिवंडी
१२ ऑगस्ट २०२५

मा. कुलगुरू महोदया,

नमस्कार आधी लिहावा की अभिनंदन, ते ठरेना, म्हणून दोन्ही गाळतो आहे. आपला फोटो पेपरात पाहिला. मध्ये आपण, बाजूला भावेश शेठ, आणि खाली विद्यापीठाची जाहिरात. मानकोलीच्या ज्या गोदामात पूर्वी फरशा नि फ्रिज उतरायचे, त्याला खिडक्या पाडून शेठने विद्यापीठ काढलं एवढं ऐकून होतो. गोदामाला कुलूप लागतं, विद्यापीठाला कुलगुरू लागतो. शेठने दोन्ही चांगल्या प्रतीची आणलेली दिसतात.

ओळख पटत नसेल तर सांगतो. १९९४ साली अकलोलीपलीकडच्या पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत आपण रुजू झालात, तेव्हा मी तिथे मुख्याध्यापक होतो. आपण वीस वर्षांच्या होतात, पायात टाचेच्या चपला होत्या आणि ओढा ओलांडायचा होता. त्या दिवशी आपण रडलात ते बातमीत आलेलं नाही. बातमीत 'पाड्यावरून कुलगुरुपदापर्यंतचा खडतर प्रवास' असं आहे. मी सात वर्षं तो प्रवास शेजारच्या बाकावरून पाहिला. सकाळी वज्रेश्वरीच्या एसटीतून उतरायचं, संध्याकाळी त्याच एसटीत चढायचं आणि येताजाता बाहेरून बी.ए.ची पुस्तकं वाचायची, याला आमच्याकडे खडतर म्हणत नाहीत.

आता कामाचं. धाकल्याची तानी आपल्याला आठवत असेल. दिनेशची धाकटी बहीण, त्याच्या मागे मागे शाळेत यायची. ती आता त्याच पाड्यावर नांदते. तिची पोरगी मोठी झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बारावी केली. पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविकेची जागा सुटली आहे. जुन्या बाई निवृत्त झाल्या, आता ही जागा भरली की पुढची पंचवीस वर्षं सुटायची नाही. अट बारावीची, पाड्यावर राहण्याची आणि वय पस्तिशीच्या आत असण्याची. तानीचं खरं वय तेहेतीस. दाखल्यावर तिची जन्मतारीख आहे १ जून १९९०, म्हणजे यंदाच्या जूनमध्ये पस्तीस पुरी झाली आणि ती दोन महिन्यांनी बाद ठरते.

एक जून कुठून आला ते मी कुलगुरूंना शिकवायला नको. पाड्यावरच्या आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून सगळी पोरं आपण एक जूनला जन्माला घातली. वर्ष लिहायचो ते दुधाचे दात पाहून आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहून. लागला तर सहा वर्षांचं. तानीने स्वतः खटपट करून उपकेंद्रातल्या जुन्या नर्सबाईंची वही शोधली आहे. तिच्यात धाकल्याच्या मुलीला लशीचा पहिला डोस १९९२ च्या ऑक्टोबरात दिल्याचं लिहिलं आहे. म्हणजे शाळेत नाव घातलं तेव्हा ती चार वर्षांची होती.

इथल्या रीमा भोईर नावाच्या वकीलबाई तिचं काम बघतात. त्या म्हणतात, वही चांगला पुरावा आहे, पण ज्यांच्या हातची नोंद आहे त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं तरच दुरुस्तीचा प्रस्ताव उभा राहील. प्रस्तावाची पोच अर्जाला जोडायची आहे. अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. जनरल रजिस्टरात त्या पानावर नाव, आईचं नाव, गाव, सगळं आपल्या गोल अक्षरात आहे. एक सही हवी. आपण हल्ली दिवसाला शेकड्याने करत असाल.

केसरीनाथ मढवी
सेवानिवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा आदर्श शिक्षक पुरस्कारप्राप्त


३० ऑगस्ट २०२५

मेघालीबाई,

तुमच्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. 'आपला अर्ज प्राप्त झाला असून जन्मतारीख दुरूस्तीबाबत परिक्षा विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. विद्यार्थीनीने सोबतचा नमुना भरून पाठवावा.' खाली तुमच्या स्वीय सहायकाची सही. तानीला तुम्ही तुमच्याच विद्यापीठात दाखल करून टाकलंत. पटनोंदणीची सवय जात नाही म्हणायची. दुरुस्ती, परीक्षा आणि विद्यार्थिनी हे तीन शब्द लाल शाईने शुद्ध करून कागद सोबत परत पाठवतो आहे. पाड्यावरच्या चौथीतली पोरं यापेक्षा बरं लिहायची.

माझं पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच नाही अशी समजूत करून घेता आली असती. पण मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही आलेला प्रत्येक कागद वाचता. शाळेत केंद्रप्रमुखांचं साधं परिपत्रक आलं तरी दोनदा वाचून पाठ करायचात, आणि मग त्यातलं वाक्य त्यांच्याच तोंडावर फेकायचात. तिथूनच मला कळलं होतं की ही बाई खडू फार दिवस हातात धरणार नाही.

तुमचा प्रवास मी नीट मांडून ठेवला आहे. कुणी गौरवग्रंथ काढला तर उपयोगी पडेल. १९९७ साली आपल्या शाळेला शंभर टक्के पटनोंदणीची ढाल मिळाली. ढाल मी घेतली, फोटोत पुढे तुम्ही उभ्या राहिलात. २००१ मध्ये बी.एड., एम.ए. होऊन राजीनामा दिलात आणि शेठच्या डी.एड. कॉलेजात अधिव्याख्याता झालात. मग पीएच.डी. विषय, 'आदिवासी पाड्यांवरील पटनोंदणीचे यशस्वी प्रयोग'. तुमचा प्रबंध मी वाचला आहे. दोनशे ब्याऐंशी पानं, आणि आपल्या रजिस्टरचा त्यात एक फोटो नाही. मग प्राचार्य, मग संचालक, मग कुलसचिव, प्र-कुलगुरू आणि आता ही शेवटची पायरी. यातल्या एकाही खुर्चीवर बसून पोरांना बेरीज शिकवावी लागत नाही. जितकं पोरांपासून लांब जाल तितका पगार वाढतो, अशी ही नोकरी आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्यांवर प्रबंध लिहायचा.

आणि हे सगळं उभं कशावर आहे, ते तरी आठवा. १९९६ च्या जूनमध्ये पट एका नावाने कमी भरत होता. दुसरं पद गेलं असतं, तुम्ही अतिरिक्त ठरून मोखाड्याला गेला असता. तिथून कुठलं बी.एड. आणि कुठलं एम.ए.? तानीचं नाव पटावर आलं म्हणून तुम्ही वज्रेश्वरीच्या एसटीत राहिलात. चार वर्षांच्या पोरीला तुम्ही शिडी केलंत. तिला साधी सही देताना आता तुमचं पद आडवं येतं.

बायकोला, आमच्या गोदूला, मी हे पत्र वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "बाईंना येवरा लिवताव, आनि तुमची सई झाली क न्हाय?" तिला कायदा कळत नाही. नोंद ज्याच्या हातची, सही त्याची.

तानी गेल्या रविवारी येऊन गेली. दर रविवारी येते, दोन एसट्या बदलून. येताना करटोली आणली होती. तुम्ही सही कराल अशी तिची खात्री आहे. म्हणते, "बाई लय मायाळू व्हत्या, माजी येणी घालायच्या." माणसाने एखाद्याबद्दल चांगलं बोलावं, त्यात आपण कशाला पडा.

केसरीनाथ मढवी
सेवानिवृत्त मुख्याध्यापक


२२ सप्टेंबर २०२५

मेघाली,

परवाच्या तुझ्या शिक्षक सन्मान सोहळ्याला मी आलो होतो. निमंत्रण नव्हतं. दारावरचा वॉचमन म्हणाला, "अंकल, पास दिखाओ." मी म्हटलं, "तुमच्या मॅडमला हजेरी मांडायला मी शिकवलं." तो म्हणाला, "अच्छा, तो आप सर हो, पीछे बैठ जाओ." तर मागे बसलो. खुर्चीला पांढरं कापड, त्यावर मागून लाल फीत बांधलेली. बाहेर कंटेनर रांगेने उभे, आत शिक्षणाचं पावित्र्य. एसी एवढा की म्हाताऱ्या मास्तरांनी सन्मानाच्या शाली लगेच अंगावर घेतल्या. त्या शालींचा तेवढाच उपयोग झाला.

तू बोललीस छान. तू आधीपासून छान बोलतेस. 'मी अकलोलीच्या पाड्यावरची साधी बाई' असं म्हणालीस तेव्हा टाळ्या पडल्या. आणि मग तू तानी काढलीस. 'तानी नावाची चार वर्षांची चिमुरडी भावाचा सदरा धरून वर्गात येऊन बसायची, तिच्या डोळ्यांत मला शिक्षणाची भूक दिसली.' पहिल्या रांगेतल्या बायांनी डोळे पुसले. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. माईकवर चार वर्षांची आणि रजिस्टरावर सहा वर्षांची. म्हणजे तुला आठवतं. सगळं आठवतं, आणि टाळ्या मिळतात तिथेच आठवतं.

तू मला पाहिलंस. 'चिमुरडी' म्हणालीस आणि तुझी नजर मागे आली. पाणी प्यायलीस. मग पुढचं सगळं कागदावरून वाचलंस. एवढ्याने मला समाधान वाटलं हे मी लपवत नाही.

आता भाषणात जे नव्हतं ते मी सांगतो. त्या चिमुरडीला पहिलीत काही येईना. चार वर्षांच्या पोराला पहिलीतलं काय येणार? दोनदा पहिलीत बसली, दोनदा दुसरीत. प्रगतिपुस्तकावर 'मंद' असा शेरा आहे. पटावर वाढवलेली दोन वर्षं तिने नापास होऊन फेडली. खऱ्या वयाने ती वेळेवरच दहावीला पोचली. २००८ च्या मार्चमध्ये आश्रमशाळेतून परीक्षेला बसली आणि निकाल लागायच्या आत, ३ जूनला, तिचं लग्न लागलं.

मला दिनेशने सांगितलं. मी पाड्यावर गेलो. मांडव घातलेला होता, तांदूळ निवडत बाया बसल्या होत्या. ग्रामसेवकाला सोबत नेलं होतं. तो म्हणाला, "दाखला बघू." धाकल्याने पत्र्याच्या पेटीतून दाखला काढला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. १ जून १९९०. अठरा पुरी होऊन दोन दिवस झाले होते. ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिलं, गाडीला किक मारली आणि निघून गेला.

धाकल्या काही रागावला नाही. मला रागावलेला माणूस चालला असता. तो म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगलावता ना सभेत, अठराच्या आत पोरीचा लगीन करू नका. मी तं दोन साल थांबलू. तिकडची मान्सा घाई करीत व्हती, मी म्हनलू, न्हाय, गुरुजींनी सांगलंय. शालेत जाऊन इचारला, अठरा कवा व्हतान. एक जूनला, म्हनाले. मंग तीन तारीख धरली." आमचा शब्द त्या माणसाने जितका पाळला तितका दुसऱ्या कुणी पाळलेला मी पाहिला नाही. पोरगी तेव्हा सोळाचीही नव्हती.

मी तिथूनच तुला फोन केला. तू प्राचार्य होतीस. तू म्हणालीस, नॅकची समिती आली आहे. मग फोन तुटला. समितीने 'अ' श्रेणी दिली हे पेपरात वाचलं होतं. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोललो नाही, आणि तुला त्याचं काही वाटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. गेली सतरा वर्षं तुझं नाव निघालं की मी विषय बदलतो. गोदू म्हणते, मनात एवढं धरून ठेवू नये. पण काही माणसं धरून ठेवण्याच्याच लायकीची असतात.

पंधरा ऑक्टोबरला तेवीस दिवस उरले.

केसरीनाथ मढवी


९ ऑक्टोबर २०२५

मेघाली,

तुझं प्रतिज्ञापत्र आलं. वकीलबाईंच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टाने. माझ्या नावाची एक ओळ पाकिटात नाही. चार पत्रांची... नाही, तीन पत्रांची उत्तरं मी मागितली नव्हती, सही मागितली होती, ती तू दिलीस. तरी रीमाबाईंनी पाकीट उलटं करून झटकलं तेव्हा मी वाकून पाहिलं.

त्यांनी मला ते वाचून दाखवलं. तू लिहिलं आहेस: 'नोंदीतील नाव व इतर मजकूर माझ्या हातचा आहे. मुलगी त्या वेळी चार वर्षांची होती, हे मला माहीत होते. तिचे नाव पटावर आल्यामुळे माझे पद टिकले व त्याचा लाभ मला आजवर मिळाला. २००८ साली तिच्या विवाहाची बातमी मला कळली होती. मी गेले नाही.' खाली सही, आणि सहीखाली 'कुलगुरू' हा शब्द पुरा लिहिला आहेस. मला वाटलं होतं तू तो गाळशील. शिवाय एक प्रत विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाला पाठवली आहेस, असं रीमाबाई म्हणाल्या. भावेश शेठला ती वाचून घाम फुटेल. तुझं काय होईल ते तुला माहीत असणारच, तू कागद दोनदा वाचतेस.

मला तुझा राग आला. तुला वाटेल, आता कसला? तू सगळं लिहिलंस आणि मला वगळलंस, याचा. 'मुख्याध्यापक' हा शब्द त्या दोन पानांत कुठेही नाही. मला तुझी दया नको होती.

रीमाबाईंनी मग रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स काढली. बाई तरुण आहेत पण डोळा बारीक. म्हणाल्या, "सर, मजकूर यांचा आहे हे दिसतंच आहे. पण हे १९९० मधलं शून्य बघा. खाली कागद खरवडलाय. आणि अक्षरी रकान्यात 'एकोणीसशे नव्वद' लिहिलंय ते अक्षर वेगळं आहे. हे कुणाचं?"

मी म्हणालो, बघायला हवं.

चष्मा काढून पुसला. मग म्हणालो, बाहेर रिक्षा थांबली आहे. रिक्षा नव्हती. पायी घरी आलो, लूमच्या गल्ल्यांतून, आणि सगळ्या वाटेवर मला फक्त ते 'बघायला हवं' ऐकू येत होतं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःचं अक्षर, आणि बघायला हवं.

तर बघितलं. ऐक. तुला ठाऊक आहे, पण माझ्या हाताने एकदा लिहिलं गेलं पाहिजे.

तू तानीला समोर उभं केलंस. तिचा हात डोक्यावरून नेलास, तो कानापासून चार बोटं वर राहिला. तू तीनदा करून पाहिलंस, ती हसत होती, तिला वाटलं खेळ आहे. तू म्हणालीस, "गुरुजी, ही चारचीच आहे, बालवाडीच्या ओळीत बसू दे." मी म्हणालो, नाव लिही. तू नाव लिहिलंस, सगळं लिहिलंस, आणि वर्षाच्या जागी १९९२ लिहिलंस. म्हणालीस, दुसरं मला लिहिता यायचं नाही. मी रजिस्टर ओढून घेतलं. टेबलाच्या खणात पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड होतं, त्याने दोनाचा आकडा खरवडला आणि शून्य काढलं. अक्षरी रकाना तू कोरा ठेवला होतास, तो मी भरला. तू खडू हातात घेऊन उभी होतीस. मी म्हणालो, तुझ्यासाठी करतो आहे, मोखाड्याला जायचंय का? तू गप्प झालीस. तुझी चूक तेवढीच, आणि ती तू स्टॅम्पपेपरवर लिहून दिलीस.

तुझ्यासाठी वगैरे मी काही केलं नाही. तू गेली असतीस तर मला एकट्याला चार वर्ग सांभाळावे लागले असते. मला ते नको होते. कारण एवढंच आहे. ते एवढं लहान आहे म्हणूनच मी ते एकोणतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. मोठं पाप असतं तर कदाचित सांगितलं असतं. पोरीच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' हा शेराही माझाच.

आणि फोन. फोन तुटला नव्हता. तू म्हणालीस, "समिती आली आहे, पण मी तासाभरात निघते. गुरुजी, तुम्ही त्यांना सांगितलंत का, शून्य कुणी केलं ते? तुम्ही सांगा, मग मी यायच्या आतच लग्न थांबेल." मी फोन बंद केला. तू आणखी तीनदा केलास, मी उचलला नाही. डिसेंबरात माझी निवृत्ती होती. सहा महिने. चौकशी लागली असती तर पेन्शन अडकली असती. मांडवात उभा राहून मी हा हिशेब केला आणि मग त्यांनी दिलेला चहा प्यायलो.

त्यानंतर सतरा वर्षं मी तुला तुच्छ मानत आलो. बरं चाललं होतं. तुझी एकेक पायरी पेपरात वाचायची आणि म्हणायचं, बघा, कशी चढते आहे. दुसऱ्याला कमी लेखत राहिलं की आपण कुठे उभे आहोत ते पाहावं लागत नाही. गोदूने हे जूनमध्येच ओळखलं होतं, तानी पहिल्यांदा आली तेव्हाच. तुला पहिलं पत्र लिहायला बसलो तेव्हा ती म्हणाली होती, "आपलं ठेवायचं झाकून, अन् दुसऱ्याचं पाह्यचं वाकून." मी तिला म्हणालो होतो, म्हणी मला शिकवू नकोस.

डिसेंबरमध्ये माझा अमृतमहोत्सव करायचा घाट गावाने घातला आहे. वाचनालयाला माझं नाव देणार आहेत. रीमाबाई म्हणतात, निवृत्तीला इतकी वर्षं झाल्यावर पेन्शनला आता कुणी हात लावत नाही. म्हणजे भ्यायला एवढंच उरलं, एक पाटी आणि एक शाल. तेवढ्यासाठी मी तीन दिवस अंथरुणात तोंड घालून पडलो होतो. तुझ्या सोहळ्यातल्या म्हाताऱ्यांना मी हसलो होतो.

तुझ्या कागदावर शून्य कुणाचं ते नाही, म्हणून प्रस्ताव अडेल. उद्या माझं प्रतिज्ञापत्र करतो.

केसरीनाथ


१३ ऑक्टोबर २०२५

मेघाली,

झालं. शुक्रवारी नोटरी झाली, आज प्रस्ताव दाखल झाला, पोच मिळाली. तानीचा अर्ज उद्या जाईल. जागा मिळेल की नाही ते माहीत नाही, पण वयावरून कुणी आता फेकणार नाही असं रीमाबाईंचं म्हणणं आहे. अमृतमहोत्सव नको असं मी गावाला कळवलं. ज्यांनी कारण विचारलं त्यांना प्रतिज्ञापत्राची प्रत दिली. त्यानंतर कुणी पुन्हा विचारायला आलं नाही.

हे तुला रीमाबाईंकडूनही कळलं असतं. मी लिहितो आहे ते काल रविवारी तानी आली होती म्हणून.

सोबत तिची जागृती होती. अकरावीत आहे, आईपेक्षा उंच. मायलेकींना गोदूने भाकर-सुकट वाढली. माझा कागद रीमाबाई तानीला देणार होत्या, पण मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. तिला आजवर वाटत होतं की चुकून झालं. सगळ्या पोरांना एक जून लावला तसं तिचं वर्षही आपण अंदाजाने लिहिलं आणि अंदाज चुकला, असंच ती धरून होती. 'मास्तरांनी काय कराचा, आमच्याच आयबांना मायती नव्हता,' असं रीमाबाईंना म्हणायची.

मी सगळं वाचलं. ब्लेड, शून्य, फोन, सगळं. ती जेवणाचा हात तसाच धरून ऐकत होती. वाचून झालं तेव्हा म्हणाली, "मंग त्या दिशी मांडवात आलंवतंव, तवा तुमाला मायती व्हता?"

मी हो म्हणालो.

"आनि मी तुमच्याकरं बघत व्हते. हलद लावलेली. मना वाटला, गुरुजी आलंत, आता कायतरी बोलतील."

गोदू उठून आत गेली. तानीने जागृतीकडे पाहिलं. ती पोरगी दारात बसून मोबाईलवर काहीतरी बघत होती आणि एकटीच हसत होती.

तानी म्हणाली, "आमची जागू आता सोलाची हाय. आजून ईज कडकली तं माज्या कुशीत येतं."

एवढंच बोलली. हात धुतला, कागद पिशवीत ठेवला, पोरीला हाक मारली आणि वज्रेश्वरीची गाडी गाठायला निघाली. भाकर तशीच राहिली ताटात.

केसरीनाथ